टेरियरच्या शेपटीवर एका देशात चार कायदे

इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या हद्दीवर चेव्हियट नावाची डोंगररांग आहे. रांगेच्या दोन्ही अंगांना मेंढरं, दोन्हीकडं कोल्हे आणि दोन्हीकडं कोल्ह्याच्या बिळात शिरणारी टेरियर जातीची बुटकी, चिवट कुत्री. समजा एकाच दिवशी इकडं एक कुत्री व्याली आणि तिकडं दुसरी. इंग्लंडच्या अंगाला पिल्लांच्या शेपट्या पाच दिवसांच्या आत डॉक्टरकडून छाटून घेता येतात, कागदपत्रं नीट असली म्हणजे झालं. स्कॉटलंडच्या अंगाला तेच केलं तर गुन्हा. पिल्लं गाडीत घालून हद्दीपलीकडं नेऊन कापून आणली तरी गुन्हाच, कारण कापण्यासाठी जनावर बाहेर नेणं हेसुद्धा तिथल्या कायद्यानं बंद केलंय.

कोल्हा तोच, बीळ तसंच, कुत्रं तेच. शेपटीचा न्याय मात्र वेगळा.

हा वाद तिकडं तीस-पस्तीस वर्षं चाललाय आणि मिटायचं नाव घेत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या संसदेत खासदार डॅनी चेंबर्स यांनी एक विधेयक मांडलं. चेंबर्स स्वतः जनावरांचे डॉक्टर. कान कापलेली, शेपूट छाटलेली कुत्री बाहेरच्या देशातून आणायला अटकाव करावा, असा त्या विधेयकाचा एक भाग. म्हणजे देशात कापायला बंदी केली तर लोक बाहेरून कापलेली आणायला लागले, ही पुढची अडचण. कायदा एका दाराला कडी लावतो तोवर माणूस दुसरं दार शोधतो, हे काही फक्त आपल्याकडंच होतं असं नाही.

आपल्या तालुक्यातल्या वाचकाला टेरियरच्या शेपटीचं काय, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण आपल्याकडं फार्महाऊसच्या गेटवर आणि बागायतदाराच्या वस्तीवर आता डोबरमन, रॉटवायलर दिसतात. बहुतेकांना शेपूट नसते, आणि ती जन्मतःच नसते असं समजणारेही पुष्कळ आहेत. ती कापलेली असते. शिवाय जनावराच्या अंगाला कात्री लावायची की नाही हे ठरवायचं कुणी, मालकानं, डॉक्टरनं की सरकारनं, हा प्रश्न बैलाला वेसण घालणाऱ्या प्रत्येक माणसाच्या दारात कधी ना कधी येणार आहे. बैलगाडा शर्यतीच्या निमित्तानं तो एकदा येऊनही गेला.

शेपूट कापायची पद्धत आली कुठून

पद्धत जुनी आहे. कोलुमेला नावाचा रोमन शेतीलेखक पहिल्या शतकात होऊन गेला. त्यानं लिहून ठेवलंय की पिल्लू चाळीस दिवसांचं झालं की शेपटीचं टोक काढावं, म्हणजे कुत्रं पिसाळत नाही. पिसाळण्याचा आणि शेपटीचा काही संबंध नाही हे आज शाळेतलं पोरगंही सांगेल, पण समजूत दोन हजार वर्षं टिकली. आपल्याकडंही पिल्लाचा कान नाहीतर शेपूट तोडली की कुत्रं तिखट निघतं असं सांगणारे भेटतातच की.

इंग्लंडात पुढं १७९६ साली कुत्र्यांवर कर बसला. कामाच्या कुत्र्याला करातून सूट होती आणि ओळख पटावी म्हणून त्याची शेपूट कापायचे, असं तिकडं सांगितलं जातं. खरं-खोटं काही असो, कर गेला आणि कात्री राहिली.

टेरियरचं कारण मात्र वेगळं सांगतात आणि ते ऐकण्यासारखं आहे. टेरियर हे नावच मुळी जमिनीवरून पडलंय. हे कुत्रं बिळात शिरतं, आत कोल्ह्यासमोर उभं राहून भुंकतं, त्याला बाहेर काढतं नाहीतर मालक खणत येईपर्यंत अडवून धरतं. बीळ अरुंद असतं, वळायला जागा नसते. अशा वेळी मालक हात घालून कुत्र्याला शेपटीनं ओढून काढतो. म्हणून शेपूट पुरती कापत नाहीत, मोठेपणी मुठीत मावेल एवढी ठेवतात. लांब राहिली तर दगडामातीत घासून, काट्यात फाटून टोकाला जखम होते, आणि शेपटीच्या टोकाची जखम भरता भरत नाही. कुत्रं शेपूट हलवतं, खपली निघते, पुन्हा रक्त. ज्यानं कुत्रं पाळलंय त्याला हे सांगायला नको.

इथवर पटतं. पण त्याच चेव्हियटच्या डोंगरात बॉर्डर टेरियर नावाची जात आहे. मेंढपाळांनी वाढवलेली, बिळात शिरणारी, कोल्ह्याच्या मागं पळणारी. तिची शेपूट पहिल्यापासून कुणी कापत नाही. तिथल्या मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या पूर्ण शेपटीच्या कुत्र्याकडून तेच काम करून घेतलं. जॅक रसेल आणि लेकलँड टेरियरची कापायची, बॉर्डरची नाही. काम एकच असताना असं का, याला शेपूट कापणाऱ्यांकडं धड उत्तर नाही. बॉर्डरची शेपूट बुडाशी जाड आणि मुळात आखूड असते, असं ते सांगतात. पण मग तशी शेपूट बघून पैदास का केली नाही, हा पुढचा प्रश्न उरतोच.

कायदा कसा कसा वळला

१९९३ च्या आधी ब्रिटनमध्ये पिल्लाचे डोळे उघडायच्या आत कुणीही शेपूट कापू शकत होतं. गावातला एखादा जाणकार यायचा, कात्रीनं उडवायचा नाहीतर रबराचं कडं घट्ट बसवायचा. कडं बसलं की रक्त बंद होऊन शेपूट वाळून गळून पडते. १ जुलै १९९३ पासून हे काम फक्त डॉक्टरनं करायचं असं ठरलं. पण त्याच्या आधीच, नोव्हेंबर १९९२ मध्ये, तिथल्या पशुवैद्यांच्या परिषदेनं सांगून टाकलं होतं की दुखापत नसताना शेपूट कापणं डॉक्टरी पेशाला शोभत नाही. म्हणजे कायदा म्हणतो फक्त डॉक्टरनं कापायची, आणि डॉक्टरांची परिषद म्हणते डॉक्टरनं कापू नये. कुत्र्याचा मालक मधल्या मध्ये.

२००६ मध्ये प्राणी कल्याणाचा मोठा कायदा संसदेत आला. या मुद्द्यावर खासदारांना पक्षाचा आदेश नव्हता, ज्यानं त्यानं आपल्या मनानं मत द्यायचं होतं. सरसकट बंदीचा प्रस्ताव अगदी थोड्या मतांनी पडला. कामाच्या कुत्र्याला सूट ठेवून बाकीच्यांना बंदी, असा मधला रस्ता निघाला. इंग्लंडमध्ये हा कायदा ६ एप्रिल २००७ पासून लागू झाला.

सूट कुणाला, ते नीट बघण्यासारखं आहे. लष्कर, पोलीस, आपत्तीतलं बचावकाम, कायदेशीर कीड-उंदीर नियंत्रण आणि कायदेशीर शिकार, एवढ्याच कामांच्या कुत्र्यांना. त्यातही शेवटच्या दोन कामांत स्पॅनियल, टेरियर आणि शिकार शोधून-दाखवून-उचलून आणणाऱ्या जाती एवढ्यांनाच. पिल्लू पाच दिवसांपेक्षा मोठं नको. डॉक्टरनं पिल्लाची आई बघायची. मालकानं बंदुकीचा परवाना, नाहीतर जमीनमालकाचं किंवा शिकारीचे पक्षी राखणाऱ्याचं पत्र असा पुरावा द्यायचा. डॉक्टर दाखला देणार, पिल्लाला मायक्रोचिप बसणार.

त्याच देशात वेल्सनं यादी आणखी आवळली. तिथं टेरियर म्हणून सगळी टेरियर चालत नाहीत, नावानिशी ठराविक जातीच, आणि मिश्र जात तर मुळीच नाही. हे वाचून बिळात कुत्री घालणारे हसले असतील. खरं काम करणारी टेरियर बहुतेक मिश्रच असतात. कागदावर शुद्ध जात मागणारा माणूस प्रदर्शनातला, बिळातला नव्हे. उत्तर आयर्लंडनं २०११ चा कायदा करून १ जानेवारी २०१३ पासून बंदी आणली आणि इंग्लंडसारखी कामाच्या कुत्र्यांना सूट ठेवली. स्कॉटलंडनं ३० एप्रिल २००७ पासून दारच बंद केलं. स्पॅनियल नाही, टेरियर नाही, कुणीच नाही.

इंग्लंड-वेल्सच्या कायद्यातलं एक कलम मात्र फार हुशारीचं आहे. कायदा लागू झाल्यानंतर शेपूट कापलेलं कुत्रं, मग ते जगात कुठंही कापलेलं असो, तिकीट लावून भरणाऱ्या प्रदर्शनात मांडता येत नाही. फक्त कामाची हुशारी दाखवायची असेल तर गोष्ट वेगळी. शेपूट कापण्यामागं निम्मं कारण कामाचं असेल तर निम्मं दिसण्याचं होतं, बक्षिसाचं होतं, पिल्लू विकायच्या भावाचं होतं. प्रदर्शनच बंद म्हटल्यावर हौशी माणसाचा कापण्यातला फायदा गेला. पोलीस घरोघर पाठवून जे झालं नसतं ते या एका कलमानं बरंचसं झालं.

एक पोकळी मात्र राहिली. दाखला जन्मल्यापासून पाच दिवसांत द्यायचा. सहा पिल्लं असली तर सहाही कामाला लागतील का, हे त्या दिवशी डॉक्टरलाही कळत नाही आणि मालकालाही नाही. दोन बिळात जातील, एक उंदरं मारील, बाकीची कुणाच्या तरी सोफ्यावर. पण शेपूट सहाही जणांची गेली. गुन्ह्याची शिक्षा तिथं जबर आहे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी खोटा दाखला पकडायचा तर पिल्लू मोठं होईपर्यंत मागं राहावं लागेल, आणि एवढं कोण करतो?

शेपट्या मोजल्या तेव्हा

हा वाद नुसत्या भावनेवर चालला असता तर त्यात एवढं लिहिण्यासारखं काही नव्हतं. पण तिकडच्या लोकांनी बसून शेपट्या मोजल्या, आणि खरी गंमत तिथं आहे.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या दवाखान्यांत आलेली १ लाख ३८ हजारांवर कुत्री धरली होती. त्यात शेपटीच्या जखमेची निघाली २८१. हिशोब करून सांगितलं की एक जखम टाळायची तर साधारण ५०० कुत्र्यांच्या शेपट्या कापाव्या लागतील. बंदीवाल्यांना आयतंच हत्यार मिळालं. एका कुत्र्यासाठी पाचशे पिल्लांना कात्री, हे कुणालाच पटणार नाही.

मग स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या लोकांनी वेगळी मोजणी केली. त्यांनी दवाखान्यातली नाही, शिकारीवर जाणारी कुत्री धरली. २०१०-११ च्या एका हंगामात १,००५ मालकांच्या २,८६० कुत्र्यांची माहिती घेतली. त्यात १३.५ टक्के कुत्र्यांना त्या एका हंगामात शेपटीला निदान एक तरी जखम झाली होती. शेपूट न कापलेल्या स्पॅनियलमध्ये हे प्रमाण ५६.६ टक्के निघालं. म्हणजे दोनातल्या एकाहून जास्त. एक जखम टाळायला पाचशे नाही, तर दोन ते अठरा पिल्लांच्या शेपट्या कापल्या की पुरे, असा त्यांचा हिशोब.

पाचशे कुठं आणि दोन कुठं! दोन्ही आकडे खरेच आहेत, फक्त भागणारा आकडा वेगळा. फवारणीचंच बघा. जिल्ह्यातलं सगळं क्षेत्र धरून हिशोब केला तर एक एकर पीक वाचवायला शेकडो एकर फवारावं लागेल असं निघेल, कारण त्यात ज्या रानात रोगच नाही ते रानही आलं. ज्या पट्ट्यात रोग पडलाय तेवढाच धरला तर दोन-चार एकरांमागं एक वाचतं. पहिल्या अभ्यासात दिवाणखान्यातली कुत्रीही होती, दुसऱ्यात फक्त काट्यात शिरणारी. दुसऱ्या अभ्यासाला एक कमीपणा आहे आणि तोही सांगायला हवा. माहिती मालकांनी स्वतः भरून दिली होती. आपल्या बाजूचा कायदा व्हावा असं ज्याला वाटतं, त्याच्या आठवणीत जखमा जरा जास्त राहतात. स्कॉटलंडच्याच दवाखान्यांच्या नोंदी धरून केलेल्या आणखी एका अभ्यासात कामाच्या जातींसाठी तो आकडा २३२ च्या आसपास आला. स्पॅनियलची शेपूट पुढं ऑपरेशन करून काढावी लागणं टाळायचं तर ३२० पिल्लं. दवाखान्यापर्यंत सगळेच जात नाहीत, घरीच हळद लावून भागवणारे तिकडंही असणार, म्हणून हा आकडा उलट बाजूला झुकलेला.

या मोजणीवर स्कॉटलंडच्या सरकारनं माघार घेतली. पर्यावरण खात्याच्या मंत्री रोझॅना कनिंगहॅम यांनी सुचवलं की स्पॅनियल आणि शिकार उचलून आणणाऱ्या जातींना सूट द्यावी. जूनमध्ये संसदेनं मान्य केलं आणि १ जुलै २०१७ पासून ती लागू झाली. अट अशी की शेपटीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढायचा नाही, कारण जखम टोकालाच होते. पशुवैद्यांच्या संघटनेचा विरोध होता. प्राण्यांच्या संस्थांचाही होता. शिकारीचे पक्षी राखणाऱ्यांच्या संघटनेला आनंद झाला.

आणि टेरियर? टेरियर यादीत नाही. टेरियरची शेपूट कापावी इतका पुरावा मोजणीतून पुढं आला नाही, म्हणून त्यांना वगळलं. दहा वर्षं सरसकट बंदीत बरोबर राहिलेले दोन भाऊ, त्यातल्या एकाला सूट मिळाली आणि दुसरा तसाच राहिला. टेरियरवाले चिडले ते यावर. त्यांचं म्हणणं, जमिनीखाली काय होतं ते मोजायला कोण येतं?

चिडणं समजण्यासारखं आहे, पण सरकारची बाजू इथं जास्त सरळ वाटते. पाच दिवसांच्या जिवाला कात्री लावायची तर लावणाऱ्यानं कारण सिद्ध करायचं. न लावणाऱ्यावर ते ओझं टाकता येत नाही. स्पॅनियलवाल्यांनी आकडे आणले, त्यांना सूट मिळाली. टेरियरवाल्यांना आकडे आणायला कुणी अडवलेलं नाही.

शिवाय मूठभर शेपूट ओढून बाहेर काढायचं जे कारण आहे, ते कामच आता कायद्यानं आखडलंय. इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या शिकार कायद्यानं कुत्र्यांनी कोल्ह्याची शिकार करणं बंद झालं. बिळात टेरियर घालायला बारीकशी सूट आहे. एका वेळी एकच कुत्रं, जमीनमालकाची लेखी परवानगी जवळ हवी, आणि कारण फक्त एक, शिकारीसाठी राखलेल्या पक्ष्यांचं कोल्ह्यापासून रक्षण. मेंढपाळाच्या कोकरासाठी ही सूट नाही! ज्याचं कोकरू कोल्ह्यानं नेलं त्याला बिळात कुत्रं घालता येत नाही. पैसे भरून फेझंट मारायला येणाऱ्या पाहुण्यासाठी पक्षी राखणाऱ्याला मात्र घालता येतं. कायदा लिहिताना कोण कुणाच्या शेजारी बसलं होतं ते यावरून कळतं. स्कॉटलंडनंही २०२३ च्या कायद्यानं बिळात एकाच कुत्र्याची मर्यादा घातली. आता टेरियरचं सगळ्यात बिनभोभाट काम उरलं ते गोठ्यातले, धान्याच्या कोठारातले उंदीर मारायचं. उंदरांवर त्या कायद्यात मोकळीक आहे. पण उंदीर मारताना कुणी शेपूट धरून कुत्रं ओढून काढत नाही.

पिल्लाला दुखतं का

दुखतं. यावर आता फार वाद नाही, किती आणि किती वेळ यावर आहे. ऑस्ट्रेलियात ५० पिल्लांच्या शेपट्या कापताना निरीक्षण केलं, ते १९९६ मध्ये छापून आलं. पन्नासच्या पन्नास ओरडली, धडपडली. पण सरासरी दोन-अडीच मिनिटांत शांत झाली आणि पंधरा मिनिटांच्या आत सगळी निजली. दोन्ही बाजू हाच अभ्यास वापरतात. एक बाजू पहिलं वाक्य वाचते, दुसरी बाजू दुसरं.

शेपूट नसल्यानं पुढं काय बिघडतं यावर कॅनडात एक मजेशीर प्रयोग झाला. तिथल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या लोकांनी यंत्राचं कुत्रं करून त्याला कधी लांब तर कधी आखूड शेपूट लावली आणि मोकळ्या कुत्र्यांत सोडलं. लांब शेपूट हलत असली की मोठी कुत्री बिनधास्त जवळ यायची, ताठ असली की बिचकायची. आखूड शेपटीला मात्र तिचा अर्थच कळत नव्हता. कुत्र्याची शेपूट म्हणजे त्याची बोली. ती कापली की दुसऱ्या कुत्र्याला हा भांडायला आलाय की खेळायला, ते कळत नाही.

तिकडच्या कायद्यातली विसंगती मात्र मेंढपाळाच्या नजरेतून सुटणार नाही. ब्रिटनमध्ये दर हंगामाला लाखो कोकरांच्या शेपट्यांना तेच रबराचं कडं लावतात. पहिल्या सात दिवसांत असेल तर भूल द्यायचीही सक्ती नाही. डॉक्टर लागत नाही, दाखला लागत नाही. कारण सांगतात ते खरं आहे, लोकरीच्या लांब शेपटीला शेण चिकटतं, माश्या बसतात, अळ्या पडतात आणि मेंढरू जिवंत सडतं. आपल्या दख्खनी मेंढीची शेपूट आखूड आणि बारीक, त्यामुळं आपल्या धनगराला हे करावं लागत नाही. पण दुखणं कोकराचं आणि पिल्लाचं वेगळं असतं का? कुत्र्याचं दुःख मतदाराला दिसतं, कोकराचं ताटात जातं.

आपल्याकडचा कायदा

भारतात कुत्र्याच्या शेपटीसाठी ब्रिटनसारखा वेगळा कायदा नाही. जे आहे ते १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात. त्याच्या कलम ११ मध्ये जनावराचा अवयव छाटून त्याला विद्रूप करणं हा गुन्हा धरलाय. त्याच कलमात पुढं सूट दिलीय, आणि ती आपल्या कामाची. गुरांची शिंगं काढणं, बैल खच्ची करणं, डाग देणं आणि वेसण घालणं, ही कामं ठरवून दिलेल्या रीतीनं केली तर गुन्हा नाही. शेतीला लागणारी एवढी चार कामं कायद्यानं वेगळी काढली. कुत्र्याची शेपूट त्या यादीत नाही. कानही नाही.

वकील इथं शब्दांवर भांडतात. कलमात ‘अनावश्यक क्रूर रीतीनं’ असे शब्द आहेत. ते फक्त मारून टाकण्याला लागू की छाटण्यालाही, आणि डॉक्टरनं भूल देऊन कापलं तर ती क्रूर रीत का, असे मुद्दे निघतात. पण एक गोष्ट पक्की आहे. कलम ११ मधले बरेचसे गुन्हे अदखलपात्र असले तरी अवयव छाटण्याचा हा गुन्हा दखलपात्र आहे. म्हणजे पोलीस ठाण्यात तक्रार दिली तर कोर्टाच्या हुकमाची वाट न बघता पोलीस कारवाई करू शकतात. ‘आमच्याकडं होत नाही, कोर्टात जा’ असं उत्तर मिळालं तर ते बरोबर नाही.

आणि शिक्षा? पहिल्या वेळी दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. तीन वर्षांत पुन्हा केलं तर पंचवीस ते शंभर रुपये, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली पन्नास रुपयांना किंमत होती. आज त्यात पिल्लाचं एक वेळचं दूधही नीट येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं हे दंड वाढवायचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी मांडला होता. मसुद्याचा कायदा होईपर्यंत रक्कम तीच. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ जबर आहे, जनावर मारणं किंवा निकामी करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद. पण ते मुख्यतः दुसऱ्याचं नुकसान करणाऱ्याला लागतं. आपल्याच कुत्र्याची शेपूट कापणाऱ्यापर्यंत ते पोचवायला वकिलाला बरीच कसरत करावी लागेल.

सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदीचा निकाल दिला, तेव्हा त्यात बैलांच्या शेपट्या पिरगाळणं, शेपटीची हाडं मोडणं यांचा उल्लेख होता. त्या निकालानं गावोगाव किती वर्षं घाटांवर शुकशुकाट झाला ते वाचकांना ठाऊक आहे. मग राज्यानं कायदा बदलला आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं तो उचलून धरला. बैलाच्या शेपटीसाठी एवढं झालं. कुत्र्याच्या शेपटीसाठी आपल्याकडं कुणी एवढं भांडलेलं नाही, ना कापणारे ना वाचवणारे.

त्याचं कारण असं की आपल्याकडं कापण्यामागं कामच नाही. कोल्हा मारणं हाच १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा, त्यामुळं बिळात कुत्रं घालायचा प्रश्न येत नाही. उसाच्या फडात रानडुकरावर भुंकणारी, मेंढरांमागं चालणारी आपली गावठी कुत्री आणि शिकारीला नावाजलेलं कारवानी, सगळी पूर्ण शेपटीची. कापतात ती फक्त विकायच्या पिल्लांची. डोबरमनला शेपूट ठेवली तर गिऱ्हाईक म्हणतं ही जात अस्सल नाही, आणि भाव पडतो. गंमत अशी की डोबरमन ज्या जर्मनीतून आला, तिथं १९९८ पासून शिकारी कुत्री सोडली तर शेपूट कापायला बंदी आहे. अस्सल डोबरमन बघायचा म्हणून कुणी आज जर्मनीला गेलं तर तो शेपूट हलवत सामोरा येईल.

पिल्लं विकणाऱ्यांसाठी केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. शेपूट मात्र त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या आठवड्यातच गेलेली असते. त्यामुळं गिऱ्हाईक पिल्लू बघायला जातं तेव्हा कापू नका म्हणायची वेळ टळून गेलेली असते. सांगायचं असेल तर कुत्री गाभण आहे तेव्हाच, इसार देतानाच सांगावं लागतं.